गोळ्यांना सुट्टी दिली, आणि हृदय बिघडलं

आजची गोष्ट एका चुकलेल्या अंदाजाची.

१९९६च्या सुमारास एचआयव्हीवर तीन-तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि मरणाला टेकलेली माणसं उठून कामाला जायला लागली. पण ती जुनी औषधं छळायचीही. गाल बसायचे, पोट सुटायचं, कोलेस्टेरॉल चढायचं. त्यात २००३ साली डी-ए-डी नावाच्या मोठ्या अभ्यासानं सांगितलं, की उपचाराच्या दर वर्षागणिक हार्ट अटॅकचा धोका साधारण २६ टक्क्यांनी वाढतोय. प्रत्यक्ष अटॅक आलेले लोक थोडेच होते, पण आकड्यानं धडकी भरवली.

त्याआधीच एक साहजिक विचार आला होता: गोळ्यांना अधूनमधून सुट्टी दिली तर?

हेच तपासायला २००२ मध्ये ‘स्मार्ट’ चाचणी सुरू झाली. ३३ देश, ५,४७२ माणसं. निम्म्यांनी गोळ्या रोज घ्यायच्या. बाकीच्यांनी सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५०च्या वर असतील तर गोळ्या बंद ठेवायच्या आणि २५०च्या खाली गेल्या की परत सुरू करायच्या. हृदयाला, किडनीला जरा आराम मिळेल, ही अपेक्षा.

जानेवारी २००६ मध्ये चाचणी मधेच थांबवावी लागली. सुट्टीवाल्या गटात ५५ मृत्यू, रोज घेणाऱ्यांत ३०. आणि खरा धक्का पुढेच होता. हृदय, किडनी, लिव्हरचे गंभीर आजार सुट्टीवाल्यांत ६५ जणांना, दुसऱ्या गटात ३९. म्हणजे जे वाचवायला निघालो, तेच जास्त बिघडलं!

का? साठवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की गोळ्या थांबल्या की शरीरातला दाह वाढतो, रक्तात गुठळी होण्याच्या खुणाही वाढतात. मोकळा सुटलेला विषाणू रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो. औषधांमुळे त्रास होता, खोटं नाही. पण विषाणूचा त्रास मोठा होता. मला विचाराल तर एचआयव्हीकडे बघायची नजर इथे बदलली. भारतातही २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात.

तरीही गोळ्या नीट घेणाऱ्यांच्या हृदयाला थोडा धोका उरतोच. त्यावरची ‘रिप्रीव्ह’ चाचणी २०२३ मध्ये आली. ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तर हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. त्या १२ देशांत भारत होता, आणि आपलं पुणेसुद्धा.