पूर्वसूरी आणि उत्तराधिकारी

विद्यालयाचा नवा प्रमुख आपल्या आदरणीय पूर्वसूरीसमोर उभा राहतो, तो प्रसंग दप्तरात क्वचितच नोंदला जातो. तथापि संस्थेचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच प्रसंगी ठरते, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा आरंभकाळ मननीय आहे.

१ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत महाविद्यालय सुरू झाले. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे हे पहिले प्राचार्य. १८९२ साली अकाली मृत्यूने त्यांना ओढून नेले. मागून आलेले गोपाळ गणेश आगरकर हेही १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. अवघ्या तीन वर्षांत दोन प्राचार्य गेले. पूर्वसूरीचा सल्ला घेण्याची संधीच उत्तराधिकाऱ्यास लाभली नाही. अशा वेळी संस्थेची धुरा महादेव शिवराम गोळे यांनी उचलली. ते प्रारंभीच्या आजीव सभासदांपैकी एक. 'ब्राह्मण आणि त्यांची विद्या' या ग्रंथाचे कर्ते म्हणूनही जाणत्यांस परिचित आहेत.

१९०२ साली मात्र निराळा योग आला. त्या वर्षी गोळे प्राचार्यपदावरून उतरले आणि ते पद रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांजकडे आले. परांजपे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी होत. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीची वाट त्यांस मोकळी होती. पण ते आपल्या जुन्या महाविद्यालयाकडेच परतले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे सव्वीस वर्षांचे होते. ज्यांच्यासमोर बाकावर बसून शिकले, त्याच गुरुजनांच्या मंडळात त्यांना प्रमुखाचे आसन मिळाले!

या प्रसंगाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. शिष्य वरिष्ठ झाला, तरी गुरुजनांनी त्याचा मान राखावयाचा; आणि त्यानेही परदेशी कीर्तीच्या बळावर जुन्यांची घडी विस्कटावयाची नाही. दोहोंस जोडणारा दुवा होता आजीव सेवेच्या व्रताचा. वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करण्याचे वचन सभासद देत. गोपाळ कृष्ण गोखले यांस मासिक ७५ रुपये वेतन होते. १९०२ सालीच ते निवृत्त झाले, ते मासिक ३० रुपयांच्या निवृत्तिवेतनावर. गोळे आणि गोखले एकाच वर्षी दूर झाल्यावर नव्या प्राचार्यावर केवढा भार पडला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण व्रत तेच राहिल्याने संस्थेची परंपरा तुटली नाही. परांजप्यांनी पुढे जवळजवळ दोन दशके महाविद्यालयाची धुरा वाहिली.

आमच्या ज्ञातिबांधवांच्या घरांतूनही शिक्षक आणि मुख्याध्यापक निर्माण झाले आहेत, होत आहेत. नवे पद मिळाले, की हार-तुरे होतात, अभिनंदनाचे ठराव होतात. ते योग्यच आहे. पण त्यानंतर नव्या प्रमुखाने प्रथम जुन्या प्रमुखाचे घर गाठावे, असे आम्ही सुचवितो. कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी फी भरण्याची ऐपत नाही, कोणता शिक्षक अबोल असूनही संस्थेचा आधारस्तंभ आहे, ही माहिती कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हाती येत नाही. ती विचारावी लागते. जुन्यानेही ती मनमोकळेपणाने सांगावी आणि मग नव्यास आपल्या मार्गाने चालू द्यावे. त्यात पद सोडणाऱ्याचा अभिमान थोडा दुखावतो, पद घेणाऱ्याचा थोडा नमतो. परंतु विद्यार्थ्याचे नुकसान टळते. आणि विद्यालय अखेर त्याच्याचसाठी असते.