राजाश्रय आणि तिकीट

नाटक राजाच्या कृपेवर जगावे की लोकांच्या पैशावर, हा प्रश्न आम्हां सातारा-सांगलीकडच्या मंडळींना नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, ते संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने. सूत्रधाराने पदे म्हणावीत, पात्रांनी प्रसंगानुरूप भाषणे करावीत, अशी ती रीत होती. १८५१ साली अप्पासाहेब निवर्तले आणि तो आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी आता प्रेक्षक आला.

ज्या लोकांनी नाटक पोसले, त्यांचे ऋण नाटकानेही फेडले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प देशाने केला होता. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे चढाओढीच्या दोन मंडळ्यांचे धुरीण; पण त्या फंडासाठी ८ जुलै रोजी मुंबईत ते 'मानापमाना'त भामिनी व धैर्यधर म्हणून एकत्र उभे राहिले. नाटककार खाडिलकर हे सांगलीचेच. पुढे ऑक्टोबरात केशवराव वारले आणि ती जोडी कायमची फुटली.

आमच्यापैकी पुष्कळजण आजही नाटकाचा फुकट पास मागतात. तिकीट काढणे म्हणजे नटांवर उपकार नव्हे. अप्पासाहेबांच्या मागे रिकामी झालेली गादी आम्ही घेतली आहे; तिचा खर्चही आम्हीच सोसला पाहिजे.