दोन हजार रुपयांची तडजोड

रखमाबाईंचा विवाह व्हिक्टोरिया राणीने आपल्या अधिकारात रद्द केला, असं आजही लेखांत आणि भाषणांत सांगितलं जातं. कागदपत्रांत या गोष्टीला आधार नाही. बायकोने आपल्याकडे नांदायला यावं म्हणून नवऱ्याने लावलेला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' हा खटला जुलै १८८८ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. रखमाबाईंनी खर्चापोटी दोन हजार रुपये द्यायचे आणि दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायची नाही, एवढाच तो समझोता. विवाह तसाच राहिला. राणीची कथा मला खटकते ती केवळ चुकीची आहे म्हणून नाही. एका बाईने स्वतः लढून, स्वतः मोजून मिळवलेली गोष्ट ती दुसऱ्याच्या औदार्यात जमा करते म्हणून. तेव्हा कागद क्रमाने लावून पाहायला हवेत.

मुंबई उच्च न्यायालयाचा पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ चा, न्यायमूर्ती पिन्ही यांचा. अकरा वर्षांपूर्वी, मुलगी अकरा वर्षांची असताना विवाहविधी झाला, दोघं कधी एकत्र राहिली नाहीत आणि आता ती बावीस वर्षांची आहे, असं निकालपत्र म्हणतं. इथेच एक गाठ आहे. चरित्रांत रखमाबाईंची जन्मतारीख २२ नोव्हेंबर १८६४ अशी येते. ती धरली तर निकालाच्या दिवशी त्यांना एकविसावंही पुरं झालेलं नव्हतं. निकालपत्रातलं वय अकरात अकरा मिळवून आलेलं दिसतं. एवढ्या गाजलेल्या खटल्यात प्रतिवादीचं वयही ठोकळमानाने लिहिलं गेलं, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

दावा १८८४ चा. रखमाबाईंच्या बाजूने मांडलेली कारणं अशी: दादाजींना बायकोला पोसण्याची ऐपत नाही, त्यांची प्रकृती बरी नसते आणि ते ज्या मामांच्या आश्रयाला राहतात त्यांची वागणूक चांगली नाही. ही सगळी न्यायालयाला ऐकता येतील अशी कारणं. मनातलं कारण दुसरीकडे सापडतं. २६ जून १८८५ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्र आलं; १९ सप्टेंबरला, म्हणजे निकालाच्या दोनच दिवस आधी, सक्तीच्या वैधव्यावर दुसरं. दोन्ही रखमाबाईंचीच. शिकायची ओढ असलेल्या मुलीचं शिक्षण लग्नाने कसं तुटतं आणि तिच्याविषयीचे नियम तिला न विचारता कसे ठरतात, हे त्यांत आहे. एकच बाई एकाच सुमारास दोन ठिकाणी बोलते आहे. न्यायालयात तिला नवऱ्याचे दोष दाखवावे लागतात. वर्तमानपत्रात, नाव झाकून का होईना, ती व्यवस्थेकडे बोट दाखवते. स्त्रीच्या संमतीचा विचार आपल्याकडे कुठून सुरू झाला हे शोधणाऱ्याने निकालपत्रांइतकीच ही पत्रं वाचावीत.

पिन्हींनी दावा फेटाळला. अशा स्त्रीला नको असलेल्या पुरुषाकडे बळाने धाडणं त्यांना क्रूर वाटलं, आणि कायद्याचा मुद्दाही त्यांनी नेमका पकडला. पती-पत्नी हक्काच्या पुनःस्थापनेचा दावा ही इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेली चीज. हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही, आणि जो संसार सुरूच झाला नाही तो पुन्हा काय स्थापायचा? इकडे 'केसरी'सारख्या पत्रांनी या निकालाला धर्मातला हस्तक्षेप ठरवलं. ज्या हक्कासाठी धर्माची ढाल पुढे केली जात होती, तो हक्कच विलायती न्यायपद्धतीतला होता.

अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी एप्रिल १८८६ मध्ये हा निकाल फिरवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जावं. न गेल्यास दिवाणी कायद्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली, जाणं नाकारलं. इंग्लंडने असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४ मध्येच काढून टाकली होती, दादाजींनी मुंबईत दावा लावला त्याच वर्षी. भारतातल्या बायकांसाठी ती राहिली.

त्याच १८८७ मध्ये दादाजींनी आपली बाजू पुस्तिकेत छापली: बायको येत नाही ती माहेरच्यांच्या मालमत्तेच्या लोभामुळे. रखमाबाईंनी जूनमध्ये 'बॉम्बे गॅझेट'मधून सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही कागद पक्षपाती आहेत, आणि घरातलं बोलणं कोणाचं खरं हे त्यांच्यावरून ठरवू नये. पण दादाजींची मांडणी वाचताना एक गोष्ट जाणवते. तिच्या नकारामागे आई आहे, आजोबा आहेत, पैसा आहे. ती स्वतः नाही. बाईचा नकार तिचा स्वतःचा असू शकतो, हे त्यांच्या हिशेबातच बसत नव्हतं.

राणीच्या कथेचं बीज मला ९ एप्रिल १८८७ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दिसतं. राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात रखमाबाईंचं पत्र तिथे छापलं गेलं. मुलाची वीस आणि मुलीची पंधरा वर्षं पुरी होण्याआधी झालेला विवाह न्यायालयाने कायदेशीर धरू नये, एवढी दुरुस्ती राणीने करावी, असं मागणं त्यात होतं. मागणं सगळ्या मुलींसाठी होतं. ते मान्य झालं नाही. आठवणीत मात्र विनंतीचा हुकूम झाला आणि सगळ्या मुलींच्या जागी एकटी रखमाबाई उरली.

१८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि डॉक्टर होऊन परतल्यावर सुरत व राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं काम केलं. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचा वेश घेतला, असं चरित्रांत येतं. वैधव्याविरुद्ध लिहिणाऱ्या बाईने असं का केलं, याचे तर्क मी लढवणार नाही. कायद्याने तो विवाह संपला तो त्या मृत्यूनेच, एवढं कागद सांगतात.

नांदायला जाण्याचा हुकूम मोडल्याबद्दलची कैद भारतात १९२३ च्या दुरुस्तीने गेली. दावा मात्र राहिला. मे १९५५ मध्ये लागू झालेल्या हिंदू विवाह कायद्यात तो नवव्या कलमात आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. तो कायदा तेव्हा चार महिन्यांचा होता.