सावित्रीचा पाणलोट : नकाशातल्या बिननावाच्या रेघा

कुलाबा जिल्ह्याच्या 1883च्या गॅझेटियरची झेरॉक्स प्रत मी वीसेक वर्षे वापरली. आज तोच ग्रंथ इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. पण ग्रंथ जिल्ह्याचा, आणि नदी काही जिल्ह्यापुरती वाहत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या पावसाची वाटणी होते. काही पाणी कृष्णा, वेण्णा, कोयनेवाटे पूर्वसमुद्राला जाते, तर पश्चिमेला उतरलेले सावित्रीतून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. माथा साताऱ्याचा, पूर रायगडचा. महाडजवळ गांधारी आणि पुढे दासगावकडे काळ नदी, या रायगड किल्ल्याच्या बाजूने येऊन तिला मिळतात. खाडीला भरती असली की हे सारे पाणी अडून राहते.

हा पाणलोट एका कागदावर पाहायचा, तर पूर्वी सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट हवी. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातल्या शीट मात्र 'प्रतिबंधित'. ज्याच्या घरात पाणी शिरते त्यालाच नकाशा मिळत नसे. 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका आली. 2017मध्ये त्या शीट संकेतस्थळावर मोफत मिळू लागल्या, तेही आधार क्रमांक दिल्यावर. 20 मार्च 1927च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडले. त्या लढ्याशी नकाशाची तुलना करण्याची माझी छाती नाही. पण महाडात बसून 'प्रतिबंधित' हा शब्द वाचताना ते आठवतेच.

फेब्रुवारी 2000मध्ये एका अवकाशयानाने अकरा दिवस रडारने जगाचा उंचसखलपणा मोजला. ती माहिती आज मोफत आहे. पन्नाशीनंतर भाच्याकडून क्यूजीआयएस शिकलो. नदीवरचा एक बिंदू दिला की तिथे येणाऱ्या साऱ्या पाण्याची हद्द संगणक आखून देतो. मी बिंदू दिला तो महाडजवळच्या सावित्रीच्या पुलाचा, 2 ऑगस्ट 2016च्या रात्री जुना पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला ती जागा. पहिल्या खेपेला सपाटीवर हद्द भलतीकडेच गेली. दुसऱ्या खेपेला जमली. पडद्यावर घाटमाथ्यापर्यंत पसरलेला तो आकार पाहून मी बराच वेळ गप्प बसलो.

संगणकाला उतार कळतो, नाव कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही भर घालता येते, म्हणून घाटाखालच्या वाड्यांत जाऊन मी पऱ्यांची नावे विचारू लागलो. एकाच पऱ्याला वर एक नाव, खाली दुसरे. कुठला पऱ्या आधी चढतो, कुठल्याचे पाणी किती वेळात खाली पोचते, हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ. नकाशात मात्र नुसती निळी रेघ.

याचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. 23 जुलै 2021च्या सकाळी महाबळेश्वरचा चोवीस तासांचा पाऊस 594 मिलिमीटर नोंदला गेला. तोवर महाड पाण्यात होते आणि तळीये आदल्या दिवशीच दरडीखाली गेले होते. ऐंशीहून अधिक माणसे गेली. फोनही बंद पडले होते. वरून खाली व्हॉट्सअॅपवर पुलाच्या खांबाचा फोटो पाठवायची पद्धत चांगली, पण ती टॉवरवर अवलंबून. शिवाय दरड म्हणजे पूर नव्हे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत, पण पन्नास हजारास एक या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आमची अख्खी वाडी तिथे दोन-तीन मिलिमीटरची! 25 जुलै 2005ला जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे कोसळलेल्या डोंगरांखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. दरड कुठल्या घरावर येईल हे अशा नकाशावरून कसे ठरवायचे?

म्हणून मी नकाशा मोठा करून कागदावर छापला आणि यंदा मे महिन्यात एका वाडीत नेला. एका आजोबांनी चष्मा पुसून तो पाहिला.

"वरच्या अंगाला नावं का नाहीत?"

"तिथे वस्ती नाही."

"वस्ती नाही, पण आमची गुरं जायची ना!"

त्यांनी चार नावे सांगितली. मी ती पेनाने लिहून घेतली. पाचव्या पऱ्याचे नाव त्यांना आठवेना. बायकोला हाक मारून ते म्हणाले, "अगं, तुझ्या माहेरच्या वाटेवरचा तो कुठला गं?"