निखाऱ्यापासून वाफेपर्यंत

माहेरच्या माळ्यावर अजून एक पितळी इस्त्री आहे. पर्युषण जवळ आलं की आज्जी ती खाली काढायची. पूजेचं धोतर, दुपट्टा आणि स्वतःचं पातळ तिने कधी बाहेर इस्त्रीला दिलं नाही. कोळशाचा एकेक तुकडा झटकून, जीवजंतू नाही ना हे बघून मगच आत टाकायची. पहिला हात जुन्या फडक्यावर. इतकं जपूनही एकदा ठिणगी उडाली आणि आईच्या लग्नातल्या शालूला भोक पडलं. ते रफू झालं, पण शालू कपाटातच राहिला.

‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘एस्तिरार’, म्हणजे ताणणे, ह्या क्रियापदावरून आला असं मानतात. आणि काम खरंच ताणण्याचंच. बोस्टनच्या संग्रहालयात बाराव्या शतकातलं, चीनचा सम्राट हुइझोंग याच्या नावावरचं एक चित्र आहे. दोघी बायका रेशीम ताणून धरतात, एक जण त्यावरून निखाऱ्यांचं भांडं फिरवते आणि एक लहान मुलगी कापडाखाली घुटमळते. आपल्याकडेही निखारे घातलेला तांब्या कपड्यांवर फिरवायचे, नाहीतर घडी गादीखाली जायची.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांना 6 जून 1882 ला मिळालं. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं 4 सप्टेंबरला. म्हणजे न्यूयॉर्कच्या घरांत वीज पोचायच्या आधीच इस्त्री तयार!

उभ्या स्टीमरचं घराणं मात्र वेगळं. तो आला टोपीवाल्यांकडून. टोपीचं नमदा कापड वाफेने मऊ करून त्याला आकार देत. 1940 मध्ये अमेरिकेत जिफीचे स्टीमर निघाले तेही आधी टोप्यांसाठीच. तयार कपड्यांच्या दुकानांत ते नंतर शिरले.

मैत्रिणींनो, हे मूळ लक्षात घेतलं तर खरेदी सोपी होते. इस्त्री वजनाने दाबते, स्टीमर धागा फक्त सैल करतो. परीटघडी हवी असेल, शाळेच्या गणवेशाच्या चुण्या हव्या असतील, तर स्टीमर कितीही महाग घ्या, निराशाच होणार. रेशीम, जॉर्जेट, शिफॉन, टांगलेले ब्लाउज यांना मात्र तो छान.

मी पहिला स्टीमर सगळ्यात स्वस्त बघून घेतला. तो गुरगुरायचा, मध्येच पाणी थुंकायचा, आणि माझ्या मोतिया रेशमी साडीवर त्याचे डाग पडले. दुसऱ्या वेळी मी खोक्यावरचे आकडे वाचले. 1500 वॉटमध्ये मिनिटाला साधारण 35 ग्रॅमच पाण्याची वाफ होऊ शकते. त्याच वॉटमध्ये कुणी 50 लिहीत असेल तर ते खोटं. दोन लिटरच्या टाकीत तासभर काम होतं, चार-पाच साड्यांना ते पुष्कळ. दांडा हलवून बघा, डुगडुगतो का. आणि एवढ्या वॉटला साधा 6 अँपिअरचा सॉकेट पुरत नाही, 16 चा लागतो.

पाणी आपण गाळूनच भरतो. पण बोअरच्या पाण्यातला क्षार कापडाच्या गाळण्यातून आरामात निघून जातो आणि आत साचून वाफेची वाट अडवतो. मी आरओचं भरते, काम झालं की टाकी रिकामी करते.

ह्या दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे. आईचा शालू परवा उलट्या बाजूने टांगला आणि जरीचा काठ सोडून वाफ दिली. आधी नळीतलं साचलेलं पाणी जुन्या फडक्यावर काढून टाकलं. पन्नास वर्षांच्या घडीच्या रेषा बऱ्याचशा गेल्या. रफूच्या जागी मात्र स्टीमर थांबवला नाही. आई शेजारीच स्टुलावर बसून बघत होती.