कोरेगावच्या लढाईत टोपीचे रिव्हॉल्व्हर का असू शकत नाही?

१/ समजा, भीमेकाठच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळलेले गंजके रिव्हॉल्व्हर सापडले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली आठवण अशी, की ते १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतले. सांगणारा माणूस प्रामाणिक आहे आणि हत्यारही खरोखर जुने आहे. तरीही ही आठवण खरी ठरत नाही. का, याचे उत्तर त्या हत्याराच्याच अंगावर असते. ते कसे वाचायचे, याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ आधी ती लढाई. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीसाठी निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, शिवाय सुमारे २५० घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे गोलंदाज आणि दोन सहा-पौंडी तोफा होत्या. सकाळी भीमेपाशी पोहोचताच पलीकडे दुसऱ्या बाजीरावांची प्रचंड फौज दिसली. स्टाँटनने कोरेगावात ठाण मांडले. पेशव्यांच्या पायदळाच्या तुकड्या गावात शिरल्या आणि रात्रीपर्यंत गल्लीबोळांत झुंज चालली.

३/ त्या गल्ल्यांत दोन काळांच्या बंदुका समोरासमोर होत्या. पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या अरबांकडे मुख्यतः लांब नळीच्या, तोड्याच्या बंदुका. कंपनीच्या शिपायांकडे ‘ब्राऊन बेस’ या नावाने ओळखली जाणारी चकमकीची बंदूक. दोन्ही ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, तेव्हा कुठे एक बार.

४/ फरक होता तो बार पेटवण्याच्या रीतीत. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते. चाप ओढला की वातीचे पेटते टोक रंजकावर, म्हणजे कानाजवळच्या बारीक दारूवर, टेकते. नेम उत्तम लागतो. पण वात सतत जळती ठेवावी लागते आणि बंदूक पुन्हा भरायला वेळ जातो.

५/ चकमकीच्या बंदुकीत वातीची जागा गारगोटीने घेतली. घोड्याच्या जबड्यात गारगोटी घट्ट बसवलेली असते. चाप ओढताच ती पोलादी पात्यावर आपटते, ठिणगी रंजकावर पडते आणि कानातून विस्तव नळीत जातो. ब्राऊन बेसच्या ‘इंडिया पॅटर्न’ची नळी ३९ इंचांची, तिचे तोंड पाऊण इंचाचे. सराईत शिपाई मिनिटाला साधारण तीन बार काढी. पण रंजक नुसतेच भुर्रकन जळून जाई आणि नळीतली दारू पेटतच नसे, असेही वारंवार घडे.

६/ काळी दारू जळली की नळीत राळ साचते आणि काही बारांनंतर गोळी खाली ठासणे जड जाऊ लागते. नळी साफ करायला पाणी लागते. तोफेची नळीही प्रत्येक बारानंतर ओल्या बोळ्याने पुसावी लागते. आत निखारा राहिला तर पुढची दारू गोलंदाजाच्या हातातच पेटते. कोरेगावात दिवसभर कंपनीच्या माणसांचे पाण्यावाचून हाल झाले. अशा लढाईत तहान माणसांइतकीच हत्यारांनाही लागलेली असते.

७/ या लढाईतला एक प्रसंग ग्रँट डफने नोंदवला आहे. अरबांनी एक तोफ हस्तगत केली. लेफ्टनंट चिझम मारला गेला. गोळी लागून पडलेला लेफ्टनंट थॉमस पॅटिन्सन ते कळताच उठला. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि ती गदेसारखी फिरवत तो गर्दीत घुसला. दुसरी गोळी लागेपर्यंत तो थांबला नाही. तोफ परत मिळाली, पुढे पॅटिन्सन मात्र त्या जखमांनी दगावला.

८/ या वर्णनात हत्यारांच्या इतिहासाचा एक धडा आहे. बंदूक हातात असूनही तो माणूस तिचा दंडुका करतो. त्या गर्दीत बंदूक भरायला उसंत नाही, आणि भरली तरी बार एकच. हातघाईच्या लढाईत न भरता पाच-सहा बार काढणारे, वारा-पावसात दगा न देणारे हत्यार हवे होते. ते पुढच्या काही दशकांत घडले.

९/ पहिली पायरी एका धर्मोपदेशकाने रचली. स्कॉटलंडचा अलेक्झांडर फोर्सिथ पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकाची झळक दिसताच पाखरे उडून जात. त्याने आघाताने पेटणारे रसायन वापरून बार काढण्याची युक्ती शोधली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे हेच रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले. घोडा टोपीवर आपटला की काम झाले. गारगोटी गेली, उघडे रंजकही गेले.

१०/ फरक किती पडला? १८३४ मध्ये वुलिच येथे ब्रिटिशांनी दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी ६,००० बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा पेटल्या नाहीत, टोपीच्या केवळ ३६ वेळा. म्हणजे चकमकीचा साधारण दर सहा-सात बारांतला एक वाया; टोपीचा सुमारे १६६ बारांतला एक. यानंतरच ब्रिटिश सैन्यात टोपीची बंदूक रुळली.

११/ दुसरी पायरी फिरत्या चक्राची. योगायोग असा, की एलिशा कोलियरने फिरत्या चक्राच्या चकमकी हत्याराचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ मध्येच घेतले. पण नोव्हेंबरात, कोरेगावच्या लढाईला दहा महिने उलटून गेल्यावर. चक्र आणि टोपी यांची यशस्वी सांगड घातली सॅम्युअल कोल्टने. त्याचे अमेरिकी पेटंट १८३६ चे. तेव्हा पेशवाई संपून अठरा वर्षे झाली होती.

१२/ आता माळ्यावरचे हत्यार पाहू. चक्राच्या मागच्या बाजूला प्रत्येक कोठ्यामागे बारीक पोकळ खुंटी आहे का? असेल, तर टोपी तिच्यावर बसे आणि ते टोपीचे रिव्हॉल्व्हर आहे. अशा हत्यारात प्रत्येक कोठ्यात पुढून दारू व गोळी भरत. गोळी दट्ट्याने दाबून बसवत. कोठ्याच्या तोंडाला चरबी लावत, म्हणजे एका कोठ्याची आग शेजारच्यात जाऊन सगळे बार एकदम सुटू नयेत. शेवटी खुंट्यांवर टोप्या. खुंट्या नसतील आणि कोठे आरपार असतील, तर ते पितळी काडतुसाचे, म्हणजे आणखी नंतरचे.

१३/ त्यापुढची ओळख आकारावरून पटते. नळी अष्टकोनी, कोठे सहा, नळीच्या वर पट्टी नाही आणि चक्रावर जहाजांच्या लढाईचे कोरीव चित्र: हे कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’. चक्राच्या वरून जाणारी भक्कम पट्टी, कोठे पाच आणि घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नाही: हे रॉबर्ट ॲडम्सचे १८५१ चे. शेपटी असेल तर १८५६ नंतरचे बोमाँट-ॲडम्स. १८५७ च्या संग्रामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसत ती ही हत्यारे.

१४/ इथे एक सावधगिरी. हा नियम रिव्हॉल्व्हरला लागू आहे, प्रत्येक टोपीच्या बंदुकीला नाही. टोपी आल्यावर असंख्य जुन्या चकमकी बंदुका बदलून घेण्यात आल्या. रंजकाची वाटी काढली, खुंटी बसवली, जुनी स्क्रूची भोके बुजवली. म्हणून लांब बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बुजवलेली भोके दिसली, तर ती १८१८ मध्ये चकमकीची असू शकते. कंपनीचे चिन्हही पाहावे. सुमारे १८०८ पर्यंत हृदयाकृती ठसा, त्यानंतर मुकुट धरून उभा राहिलेला सिंह. अर्थात चिन्हावरून काळ कळतो; ती बंदूक कोरेगावात होती, हे सिद्ध होत नाही.

१५/ चिन्हांची नक्कलही होते. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी घडवलेल्या नकलांत इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेली आढळतात. म्हणून गंजलेले हत्यार खरवडून चकचकीत करू नये. पॉलिश कागदाने पुसून गेलेला ठसा परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

१६/ ‘एकदा चालवून पाहू’ हा मोह तर सर्वांत घातक. जुनी हत्यारे कधी कधी भरलेल्या अवस्थेतच ठेवून दिलेली असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. आजची धूरविरहित दारू वापरली तर जुने चक्र हातातच फुटते. कायदाही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात जुन्या हत्यारांना सवलत आहे. पण ती दुरुस्ती करूनही चालणार नाहीत अशांनाच. घोडा न ओढता, चाप न दाबता पोलिसांना कळवावे, अभ्यासकांना दाखवावे.

१७/ मग घरातली आठवण खोटी? तसेही नाही. शिरूरला लढाईनंतरही दीर्घकाळ छावणी होती. चाळीस वर्षांनंतरच्या एखाद्या नातवाच्या हाती आलेले हत्यार सांगता सांगता आजोबांच्या लढाईला जोडले जाणे अगदी स्वाभाविक आहे. आठवणीत माणूस खरा असू शकतो आणि साल चुकलेले असू शकते.

१८/ कोरेगावच्या बाबतीत ही काटेकोर नजर विशेष हवी. कंपनीकडच्या ८३४ जणांपैकी २७५ मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. पेरणे येथील जयस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्यांवरून ते महार शिपाई ओळखले जातात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले ते या स्मृतीसाठी. त्या शिपायांच्या हाती रिव्हॉल्व्हर नव्हते. होती ती पाऊण इंची नळीची, प्रत्येक बाराला उभ्याने ठासावी लागणारी, सहा-सातांत एकदा दगा देणारी बंदूक. रात्रभर चालून आल्यावर, पाण्यावाचून, दिवसभर ते तिच्यानेच लढले. त्यांच्या हातात नंतरच्या काळाचे हत्यार दिले, तर त्या दिवसाचे कष्टच आपण पुसून टाकतो.