फुलपाखराच्या पंखांसारखी नाजूक त्वचा

नवजात बाळाला उचलताना बोटांचा दाब पडला तेथे फोड उठावा किंवा चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर कातडीही सोलून निघावी, असे काही बालकांच्या बाबतीत घडते. हा भाजल्याचा प्रकार नसतो वा संसर्गाचाही नसतो. ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ या दुर्मिळ आनुवंशिक विकाराची ही लक्षणे होत. अशा मुलांना जगभर ‘फुलपाखरू मुले’ म्हटले जाते. अमेरिकेतील नोंदींनुसार दर दहा लाख जन्मांमागे सुमारे २० बालकांना हा विकार असतो.

विकार कशामुळे?

बाह्यत्वचा आणि तिच्याखालील अंतस्त्वचा यांना काही विशिष्ट प्रथिने परस्परांशी घट्ट जोडून ठेवतात. ही प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांपैकी एखाद्यात दोष असल्यास किरकोळ घर्षणानेही त्वचेचे थर सुटतात आणि मध्ये द्रव साचून फोड येतो. विकाराचे चार मुख्य प्रकार आहेत. ‘सिम्प्लेक्स’ प्रकारातील फोड सहसा व्रण न ठेवता भरून येतात. ‘जंक्शनल’ प्रकार तीव्र असल्यास बाळ पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावू शकते. ‘डिस्ट्रॉफिक’ प्रकारात ‘कोलॅजेन ७’ हे प्रथिन सदोष असते. त्याच्या तीव्र स्वरूपात बोटे एकमेकांना चिकटतात, अन्ननलिका अरुंद होते, रक्तक्षय व कुपोषण जडते आणि तरुणपणीच त्वचेच्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. ‘किंडलर’ हा चौथा प्रकार अत्यंत विरळ आहे.

दोष आईचा नव्हे

तीव्र प्रकारांत बहुधा आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, मात्र ते स्वतः निरोगी असतात. अशा दाम्पत्याच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांत ही जोडी जुळण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा असल्याने हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ग्रहण पाळले नाही किंवा गरोदरपणी काही खाल्ले म्हणून हा विकार होत नाही. तो स्पर्शाने पसरतही नाही. त्वचेच्या तुकड्याची तपासणी आणि जनुकीय चाचणी यांवरून निदान होते. कुटुंबातील दोष निश्चित झाला असल्यास पुढील गर्भारपणात साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची चाचणी करता येते.

घरी घ्यावयाची काळजी

* बाळाला काखेत धरून उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा कुल्ल्यांखाली ठेवून उचलावे.
* जखमेवर चिकटपट्टी लावू नये. न चिकटणारी पट्टी वापरावी.
* मोठा फोड निर्जंतुक सुईने टोचून रिकामा करावा, वरची कातडी तशीच ठेवावी. हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.
* कपडे सैल, सुती आणि शिवण बाहेर येईल असे उलटे घालावेत.
* तोंडातही फोड येत असल्याने आहार मऊ, कोमट व पौष्टिक असावा.

उपचारांची वाटचाल

हा विकार समूळ बरा करणारा उपचार अद्याप नाही. तथापि जर्मनीत २०१५ मध्ये ‘जंक्शनल’ विकार असलेल्या सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा, त्याच्याच पेशींतील जनुक दुरुस्त करून प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचेने बदलण्यात आली. मे २०२३ मध्ये ‘डिस्ट्रॉफिक’ प्रकारातील जखमांवर लावावयाच्या ‘व्हायजुवेक’ या जनुकोपचार जेलला अमेरिकेने मान्यता दिली. हे उपचार अतिशय महाग आहेत. त्यामुळे बहुसंख्य कुटुंबांचा आधार आजही हळुवार हाताळणी, रोजची मलमपट्टी आणि वेळीच झालेले निदान हाच आहे.